तिघांसाठी एक विमान

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराच्या पश्चिमेला विमानांचा एक कारखाना आहे. इमारत अमेरिकी हवाई दलाच्या मालकीची, लांबी जवळपास दीड किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात येथून बी-२४ बॉम्बफेकी विमाने बाहेर पडली. त्यानंतर बी-३६, साठच्या दशकात एफ-१११, सत्तरच्या दशकापासून एफ-१६, आणि आता एफ-३५. कारखाना चालवणारी कंपनीही बदलली. १९९३मध्ये जनरल डायनॅमिक्सने आपला हा विभाग लॉकहीडला विकला. या यादीतली दोन विमाने, एफ-१११ आणि एफ-३५, एकाच हट्टातून जन्माला आली. सैन्यदले अनेक असली तरी विमान एकच हवे, हा तो हट्ट.

पहिल्यांदा तो धरला रॉबर्ट मॅक्नमारा यांनी. फोर्ड मोटर कंपनीतून थेट संरक्षणमंत्रिपदी आलेल्या या हिशेबी गृहस्थांना १९६१मध्ये दिसले की हवाई दलाला नवे विमान हवे आहे आणि नौदलालाही हवे आहे. मग दोन कशाला? हवाई दलाला हवे होते जमिनीलगत उडत, ध्वनीहून अधिक वेगाने शत्रूच्या मुलखात खोलवर घुसणारे विमान. नौदलाला हवे होते उंचावर तासन् तास घिरट्या घालत आरमाराची राखण करणारे, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे वाहणारे विमान. सेनाधिकाऱ्यांची पसंती बोइंगच्या आराखड्याला होती. मॅक्नमारांनी १९६२मध्ये जनरल डायनॅमिक्सला निवडले, कारण तिच्या दोन आवृत्त्यांमध्ये सामायिक भाग जास्त होते. नौदलाची आवृत्ती पुढे इतकी बोजड झाली की नौकेवरून चालवण्याजोगी राहिली नाही. सातच विमाने बनली, १९६८मध्ये काम थांबले आणि नौदलाने स्वतःसाठी एफ-१४ करून घेतले. हवाई दलाच्या एफ-१११मध्ये मात्र आतले दोघेही शेजारीशेजारी बसत राहिले. ती बैठक नौदलाने मागितली होती. मागणारा निघून गेला, मागणी विमानात राहिली.

एफ-३५वर मराठीत पुस्तक लिहायला घेतले तेव्हा हीच गोष्ट मनात होती. या विमानाबद्दल विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. रडारवर किती लहान दिसते, सुखोईशी गाठ पडली तर कोण जिंकेल, किंमत किती. असे प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, पण त्यांच्या उत्तरांतून विमान असे का झाले हे कळत नाही. मला जास्त उपयोगी वाटलेला प्रश्न वेगळा आहे: विमानाच्या प्रत्येक भागापुढे उभे राहून विचारायचे की हे कोणी मागितले, आणि त्याची किंमत कोणी मोजली? एफ-३५च्या बाबतीत बऱ्याचदा मागणारा एक आणि मोजणारा दुसरा निघतो.

दुसऱ्यांदा हा हट्ट का धरला गेला हे समजायला १९९०च्या दशकाची सुरुवात पाहावी लागते. सोव्हिएत संघ कोसळला, अमेरिकेच्या संरक्षण खर्चाला कात्री लागली. नौदलाचे ए-१२ हे रडारला चकवणारे हल्लाविमान जानेवारी १९९१मध्ये रद्द झाले होते. १९९३मध्ये संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी सगळ्या योजनांचा मुळापासून आढावा घेतला आणि हवाई दल व नौदल यांचे वेगवेगळे नवे विमानप्रकल्प एका फटक्यात मोडीत काढले. त्यांच्या जागी एक संयुक्त प्रकल्प आला. १९९४मध्ये त्यात तिसरा भिडू जोडला गेला, मरीन्स, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे अमेरिकी दल. त्यांच्यासाठी आखूड धावपट्टीवरून उडून उभे उतरणाऱ्या विमानाचे संशोधन आधीपासून सुरू होते. ते याच खात्यात वळते केले. एफ-१६, ए-१०, एफ-१८ आणि हॅरियर अशा चार अगदी निराळ्या स्वभावाच्या विमानांची कामे आता एका विमानाने करायची होती. तीन तिघाडा काम बिघाडा ही म्हण वॉशिंग्टनमध्ये ठाऊक असण्याचे कारण नव्हते. एफ-१११ची फाइल मात्र त्यांच्या कपाटात होती.

या तिघांत मरीन्स आकाराने सगळ्यांत लहान. हवाई दलाने मागितलेल्या विमानांचा आकडा १७६३, मरीन्सचा त्याच्या कितीतरी खाली. तरी विमानाच्या अंगकाठीवर सर्वांत खोल ठसा त्यांचाच आहे. उभे उतरण्याचा त्यांचा आग्रह केवळ तांत्रिक नव्हता. ऑगस्ट १९४२मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावर मरीन्स उतरले आणि दोन दिवसांत नौदलाच्या विमानवाहू नौका तेथून निघून गेल्या. किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या डोक्यावर आपले विमान नाही, ही आठवण त्या दलाने पिढ्यान् पिढ्या जपली. स्वतःची विमाने, स्वतःच्या लहान नौकांवर, दुसऱ्या कोणाच्या धावपट्टीवर विसंबून न राहता, हे त्यांच्यासाठी जवळजवळ धर्मासारखे झाले. म्हणून त्यांनी ब्रिटिश हॅरियर घेतले, आणि ते म्हातारे झाल्यावर त्याचा वारसदार मागितला.

हॅरियर हे विमान आपल्यालाही परके नाही. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३मध्ये गोव्यात दाखल झाली आणि २०१६मध्ये तेथेच निवृत्त झाली. दाबोळीला नागरी विमाने आणि नौदलाची विमाने एकच धावपट्टी वापरतात, त्यामुळे सुटीला गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी ती खिडकीतून पाहिली असतील. हॅरियरची युक्ती साधी होती. इंजिनाचा झोत चार तोंडांतून बाहेर पडतो, ती तोंडे खाली वळवली की विमान हवेत तोलले जाते. पण त्यात दोन खोडी आहेत. खाली आदळलेला गरम झोत उसळून पुन्हा इंजिनाच्या तोंडात शिरतो आणि जोर घटतो. शिवाय हवा मुळात उष्ण असली तर जोर आणखी कमी. न वापरलेले बॉम्ब घेऊन परत उतरायचे म्हटले की वैमानिकाच्या हिशेबात किलोकिलोची ओढाताण सुरू होते. त्यात ध्वनीहून वेगवान उडायचे असेल तर असे इंजिन बसवायला विमान ढेरपोटे करावे लागते.

यावर तोड काढली लॉकहीडच्या स्कंक वर्क्स या प्रगत विमानांच्या विभागातले अभियंते पॉल बेव्हिलाक्वा यांनी, १९९०च्या सुमारास. वैमानिकाच्या पाठीमागे, विमानाच्या पाठीत, एक मोठा उभा पंखा बसवायचा आणि तो मुख्य इंजिनाच्या टर्बाइनने लांब शाफ्टमधून फिरवायचा. सरळ उड्डाणात पंखा बंद, वरची झडप मिटलेली. उतरताना क्लच जोडायचा, की २५ हजारांहून अधिक अश्वशक्ती पुढे पंख्याकडे जाते आणि तो थंड हवा खाली फेकतो. मागे इंजिनाचे तोंड तीन वळणारी कडी एकमेकांवर फिरवून जमिनीकडे वाकवले जाते. पंख्यातून साधारण नऊ टन उचल, मागच्या तोंडातून आठेक टन, आणि डोलू नये म्हणून दोन्ही पंखांखालच्या छोट्या तोंडांतून उरलेली. पुढची थंड हवा मागच्या गरम झोताला अडवते, त्यामुळे इंजिन स्वतःचाच धूर गिळत नाही. वाचताना सोपे वाटते. पण नुसत्या क्लचचेच पाहा: एखाद्या युद्धनौकेला पुरेल इतकी शक्ती काही सेकंदांत एका तबकडीवरून दुसरीकडे द्यायची आहे, तीही हवेत. या यंत्रणेसाठी पुस्तकातली बरीच पाने खर्ची पडली आहेत, त्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. माझ्या मते सबंध प्रकल्पातले हे सर्वांत सुंदर यंत्र आहे, आणि बहुतेक दुखण्यांचे मूळही.

स्पर्धेत ते जिंकले हेही खरे. १९९६मध्ये बोइंग आणि लॉकहीड मार्टिन यांना नमुने बनवायला सांगितले. बोइंगच्या एक्स-३२ने हॅरियरचीच वाट धरली. त्याची हनुवटी एवढी मोठी की ते विमान कायम जांभई देत असल्यासारखे दिसे. उभे उतरून दाखवताना वजन भागावे म्हणून त्याचे काही भाग काढून ठेवावे लागले. लॉकहीडच्या एक्स-३५ने २० जुलै २००१ रोजी एकाच उड्डाणात तीन गोष्टी केल्या: दीडशे मीटरच्या आत उड्डाण, ध्वनीहून अधिक वेग आणि उभे उतरणे. २६ ऑक्टोबर २००१ला निकाल जाहीर झाला.

त्यानंतर इतर दोन दलांनी बिल भरायला सुरुवात केली. मरीन्सच्या नौकांवरची उद्वाहने ठरावीक मापाची, म्हणून विमानाची लांबी आणि पंखांचा विस्तार त्या मापात बसवायचा. हवाई दलाच्या एफ-३५एला उद्वाहनाशी काही देणेघेणे नाही, तरी त्याचे पंखही जवळपास १०.७ मीटरच. पाठीत पंखा बसायला जागा हवी, म्हणून धड रुंद. पंख्याची जुळणी एकाच इंजिनाशी, म्हणून समुद्रावर दोन इंजिनांची सवय झालेल्या नौदलालाही एकच इंजिन. एफ-३५ए आणि नौदलाच्या सी प्रकारात पंख्याच्या जागी इंधन भरले. ए प्रकारात सव्वाआठ टन, सीमध्ये नऊच्या आसपास, तर मरीन्सच्या बी प्रकारात जेमतेम सहा. ज्यांच्यासाठी हे सगळे केले त्यांचाच पल्ला सर्वांत कमी.

साधे विमान असते तर या तडजोडी थोड्या सैल करता आल्या असत्या. बॉम्ब पंखाखाली टांगा, इंधनाची टाकी बाहेर लावा. रडारला चकवायचे असेल तर ती सोय नाही. रडारची लहर परत कोणत्या दिशेला जाईल हे विमानाच्या पृष्ठभागांवर आणि कडांवर अवलंबून असते. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव्ह यांनी १९६२मध्ये त्याचे गणित मांडले, आणि ते अमेरिकी अभियंत्यांच्या हाती लागले. एकदा कडा ठरावीक कोनांत मांडल्या की शस्त्रे पोटात, इंधन पोटात, संवेदक कातडीला चिकटून. पोट एवढेच आहे आणि त्यात सगळ्यांनी राहायचे आहे. एकाने जागा घेतली की दुसऱ्याची गेली.

२००४मध्ये हिशेब उघडा पडला. बी प्रकार टनभराहून जास्त जड भरला होता. अशा वजनाने तो उभा उतरूच शकत नव्हता. लॉकहीडने शेकडो अभियंत्यांचा खास गट बसवला आणि वजन घटवण्याच्या सूचनांना बक्षिसे लावली. सुमारे बाराशे किलो उतरवले गेले. पण ते उतरले कुठून? बीचा शस्त्रकप्पा आक्रसला, त्यात दोन हजार पौंडांऐवजी एक हजार पौंडांचेच बॉम्ब मावू लागले. धडातले आडवे आधार ए आणि सीमध्ये टायटॅनियमचे, बीमध्ये ॲल्युमिनियमचे झाले, आणि २०१०मध्ये टिकाऊपणाच्या चाचणीत त्याच आधारांना तडे दिसले. या धावपळीत दीड वर्ष गेले, आणि ते तिघांचेही गेले. ए प्रकाराला वजनाचा असा काही आजार नव्हता, तरी तो रांगेत उभा राहिला.

नौदलाच्या सी प्रकाराची रड वेगळी. त्याला नौकेवर तार पकडून थांबायचे, म्हणून पंख मोठे, चाके दणकट, शेपटीखाली हुक. पण रडारला दिसू नये म्हणून हुक धडात लपवायचा, त्यामुळे तो मुख्य चाकांच्या फार जवळ आला. चाके तारेवरून गेली की तार जमिनीला चिकटते, आणि ती पुन्हा वर उसळायच्या आत हुक तिच्यावरून निघून जातो. २०११च्या चाचण्यांत आठपैकी एकदाही तार सापडली नाही. हुकाचे टोक आणि त्याचा दाबक नव्याने घडवल्यावर नोव्हेंबर २०१४मध्ये निमित्झ नौकेवर विमान नीट उतरले. लपायचे आणि पकडायचे, या दोन कामांचा हुकाएवढ्या वस्तूतही झगडा होतो.

सुरुवातीला सांगितले गेले होते की तिन्ही प्रकारांतले सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग सारखे असतील. २०१६मध्ये प्रकल्पाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल क्रिस्टोफर बॉगडन यांनी मोकळेपणाने सांगितले की सारखेपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर आला आहे. त्याआधी २०१३मध्ये रँड संस्थेने जुन्या संयुक्त विमानप्रकल्पांचा अभ्यास करून त्यांनी आयुष्यभराच्या खर्चात बचत केल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला होता. म्हणजे तीन विमाने टाळण्यासाठी सुरू केलेल्या कामातून शेवटी तीन विमानेच निघाली, फक्त ती एकमेकांच्या पायात पाय घालून चालली.

इथे थांबून एक बाजू मांडायला हवी, नाहीतर हे पुस्तक तक्रारवही होईल. धातू वेगळा झाला तरी काही गोष्टी खरोखर एक राहिल्या: प्रॅट अँड व्हिटनीचे इंजिन, रडार, सहा इन्फ्रारेड कॅमेरे, ते चित्र वैमानिकाच्या डोळ्यांपुढे आणणारे शिरस्त्राण आणि या सगळ्यांना जोडणारी संगणकप्रणाली. वैमानिक खाली पाहतो तेव्हा त्याला विमानाचा तळ दिसत नाही, खालची जमीन दिसते. प्रत्येक संवेदकाचा वेगळा पडदा पाहून त्याने मनात बेरीज करायची नाही. ती विमान करते. ज्यांनी एफ-१६ सोडून हे घेतले त्यांच्या बोलण्यात चपळाईपेक्षा याचेच कौतुक जास्त असते. मे २०१८मध्ये इस्रायलच्या हवाई दलप्रमुखांनी ते युद्धात वापरल्याचे जाहीर केले, सप्टेंबरमध्ये मरीन्सच्या एफ-३५बीने अफगाणिस्तानात हल्ला केला. जानेवारी २०२४पर्यंत हजारावे विमान तयार झाले. फिनलंडपासून जपानपर्यंत गिऱ्हाइकांची रांग आहे. त्याला फसलेले विमान म्हणणे मला पटत नाही.

फसली ती बेरीज. चाचण्या पुऱ्या होण्याच्या कितीतरी आधी उत्पादन सुरू केले गेले, आणि चुका सापडत गेल्या तशी आधी बनलेली विमाने पुन्हा उघडावी लागली. पेंटागॉनचे खरेदीप्रमुख फ्रँक केंडल यांनी २०१२मध्ये याला जाहीरपणे अक्षम्य हलगर्जीपणा ठरवले. तिन्ही दले त्याच साखळीत बांधलेली असल्याने कोणालाच थांबता येईना. एकाने माघार घेतली की बाकीच्यांची किंमत वाढणार. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांच्या हिशेबाने ताफा सांभाळण्याचा अंदाजित खर्च २०१८मध्ये १.१ लाख कोटी डॉलर होता, तो २०२३मध्ये १.५८ लाख कोटींवर गेला. मार्च २०२३मध्ये कोणत्याही वेळी कामगिरीला तयार असलेली विमाने सुमारे ५५ टक्के होती.

अमेरिकेबरोबर या प्रकल्पात उतरलेल्या आठ भागीदार देशांची कहाणी मी एका प्रकरणात आटोपली आहे. रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतल्यावर २०१९मध्ये तुर्कस्तानला बाहेर काढले गेले, तो भाग तेवढा सविस्तर आहे. तुर्की कारखाने या विमानाचे शेकडो भाग बनवत होते आणि ते सगळे काम दुसरीकडे हलवावे लागले.

भारतात या विमानाची चर्चा २०२५मध्ये अचानक रंगली. फेब्रुवारीत बेंगळुरूच्या एरो इंडियात एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ एकाच वेळी आले, त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी भारताला ते पुरवण्याची भाषा केली. जूनमध्ये प्रिन्स ऑफ वेल्स या ब्रिटिश नौकेवरचे एक एफ-३५बी तिरुवनंतपुरमला उतरले आणि बिघडून पाच आठवड्यांहून अधिक काळ तेथेच अडकले. केरळच्या पर्यटन विभागाने त्याच्या नावाने जाहिरातही करून घेतली. या गमतीजमतीत जो प्रश्न हरवला तो आपल्या घरचा आहे. तेजस हे हवाई दलासाठी आखलेले विमान. त्याचीच नौदल आवृत्ती करायला घेतली. गोव्यात आयएनएस हंसावर त्यासाठी नौकेसारखी चढती धावपट्टी बांधली, तेथून डिसेंबर २०१४मध्ये कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ती उडवली, आणि जानेवारी २०२०मध्ये विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरवूनही दाखवली. त्याआधीच, २०१६च्या डिसेंबरात, नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी ती नौदलाच्या कामासाठी जड असल्याचे सांगून टाकले होते. उतरवण्याचे काम उत्तम झाले, विमान मात्र ताफ्यात आले नाही.

हवाई दल आणि नौदल यांना एक विमान देता येतच नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. एप्रिल २०२५मध्ये भारताने नौदलासाठी २६ राफेल घेण्याचा करार केला, आणि राफेल हे पहिल्या रेघेपासून दोघांसाठीच काढलेले आहे. नौदलाचे विमान काही शे किलोंनी जड, एवढाच मुख्य फरक. पण फ्रान्सच्या दोन दलांच्या मागण्या एकमेकांना लागून होत्या, आणि उभे उतरायचे कोणालाच नव्हते. एफ-४ फँटम तर निव्वळ नौदलाचे. हवाई दलाने ते नंतर उचलले आणि खूश झाले. त्याच्या आराखड्याच्या वेळी कोणी समिती नेमून तिघांची सहमती घेतली नव्हती.

अमेरिकेत पुढच्या पिढीची आखणी आता सुरू आहे. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या एफ-४७ साठी बोइंगची निवड झाली, नौदलाचा प्रकल्प स्वतंत्रच ठेवला आहे. आपल्याकडे हवाई दलाचे रडारला चकवणारे ॲम्का आणि नौदलाचे दोन इंजिनांचे नवे विमान, ही दोन्ही एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीच्या बेंगळुरूतल्या कार्यालयांत आकार घेत आहेत. सांगाडे वेगवेगळे आहेत. इंजिन सुरुवातीला दोघांनाही एकच मिळणार आहे, जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४१४. रडार, संगणक आणि त्यांवर चालणारी प्रणाली यांतले किती सामायिक ठेवायचे, याची चर्चा तेथल्या टेबलांवर चालू आहे, आणि या पुस्तकातले शेवटचे प्रकरण त्या चर्चेसाठी लिहिले आहे.